प्रजासत्ताकाचा कुलाचार

मराठी कुटुंबात सणाला कार्यक्रमपत्रिका लागत नाही. गुढीची काठी कोणी धुवायची, तिला कोणते वस्त्र नेसवायचे, कडुनिंबाच्या पाल्यात गूळ किती मिसळायचा, दसऱ्याचे सोने घेऊन प्रथम कोणाच्या दारी जायचे, पाडव्याला कोणी कोणाला ओवाळायचे, हे सारे घरातल्या लहानग्यालाही कोणी न शिकवता ठाऊक असते. कारण ते त्याने वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिलेले आणि चिमुकल्या हातांनी केलेले असते. आपल्या राष्ट्रजीवनातले दोन थोर दिवस, स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन, मात्र घराच्या उंबरठ्याबाहेरच थांबलेले आहेत. शाळेने त्यांची कवायत बसवली, कचेरीने परिपत्रक काढले, इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर पथसंचलन झाले, मुलांच्या हातांवर नुक्तीचा प्रसाद पडला. आणि घराने त्या दिवसाला सुट्टी म्हणून आनंदाने स्वीकारले. सुट्टीविषयी माझी तक्रार नाही. माझे निवेदन एवढेच आहे की या दिवसांना आपण कुलाचारात स्थान द्यावे, आणि ज्यांच्या घरात अद्याप तीन-चार पिढ्या एका पंक्तीला बसतात अशा मोठ्या कुटुंबांनी त्यात पुढाकार घ्यावा. कारण प्रजासत्ताक ज्या तत्त्वांवर उभे आहे, त्यांची कठोर परीक्षा अशा कुटुंबांतच होत असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकमान्य टिळकांनी देव्हाऱ्यातल्या गणपतीला चौकातल्या मंडपात बसवण्याच्या चळवळीला बळ दिले आणि घरच्या भक्तीतून सार्वजनिक शक्ती निर्माण केली. त्या घटनेचे महत्त्व आम्हां इंदूरकरांना पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री या शहरात हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या कामगारांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला, एकामागून एक इतर गिरण्यांनाही टाळे लागले, हजारो कुटुंबांची थकलेली देणी वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून राहिली. तरीही ज्यांच्या चुलीला त्या गिरण्यांचा आधार उरला नव्हता त्याच कामगारांनी वर्गणी गोळा करून आपली झांकी चालू ठेवली. लोकांनी एकदा का एखादी गोष्ट आपली मानली, म्हणजे ती ज्या संस्थेच्या आश्रयाने जन्मली त्या संस्थेहूनही दीर्घायुषी ठरते. राष्ट्रीय सणांना हे आयुष्य लाभावे असे वाटत असेल, तर लोकमान्यांच्या काळी जो प्रवास घराकडून चौकाकडे झाला, तो आता चौकाकडून घराकडे व्हावयास हवा.

इंदूरच्या मराठी घराण्यांना हे सांगण्याचे एक विशेष कारण आहे. आमचे पूर्वज माळव्यात आले ते सुभेदार मल्हारराव होळकरांच्या फौजेमागून. कोणी शिलेदार म्हणून, कोणी फडणिशीच्या दप्तरात, कोणी वैद्यकी किंवा पुराणिकी करीत. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या रणांगणावर होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला, इंदूर ही राजधानी ठरली, रेसिडेन्सीच्या कोठीत इंग्रज साहेब येऊन बसला. आणि ही सर्व उलथापालथ होत असताना आमच्या वाडवडिलांनी जिवापाड जपली ती वस्तू म्हणजे सनद. अमुक परगण्यातले अमुक बिघे, अमुक कामगिरीबद्दल, वंशपरंपरेने इनाम, असा मजकूर असलेला तो मोडी लिपीतला कागद रेशमी रुमालात गुंडाळून, शिसवी पेटीत, देवांच्या टाकांशेजारी ठेवला जाई. त्या कागदात घराण्याची प्रतिष्ठा सामावलेली असे, आणि भयही. कारण ज्या हाताने सनद दिली तो हात कोपला की इनाम जप्त व्हायला वेळ लागत नसे.

१९४७ च्या ऑगस्टात होळकर संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले, २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले, २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी आजचा मध्य प्रदेश निर्माण झाला. अवघ्या नऊ-दहा वर्षांत या शहरातला माणूस संस्थानी प्रजेचा नागरिक झाला. ज्या किंग एडवर्ड हॉलच्या मनोऱ्यावरील घड्याळाकडे पाहून लोक कामाला जात, त्या इमारतीला महात्माजींचे नाव मिळाले. परंतु या सर्व स्थित्यंतरात सर्वांत मोठी घटना अशी की, प्रत्येक घराला, मग ते सरदाराचे असो की सरदाराच्या पागेत मोतद्दारी करणाऱ्याचे, एक नवी सनद मिळाली. ती कोणा हुजुरांच्या मर्जीने मिळालेली नाही आणि कोणाच्या खप्पामर्जीने परत जाणार नाही. ती देणारे आणि घेणारे एकच आहेत. जुन्या सनदेतला शब्द न् शब्द मुखोद्गत असलेली घराणी मी पाहिली आहेत. या नव्या सनदेची उद्देशिका घरातल्या किती जणांनी एकदा तरी सलग वाचली आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या घरात विचारून पाहावा.

आणि ही सनद काही दूर दिल्लीहून आम्हांपर्यंत पोचलेली परकी चीज नव्हे. इंदूरपासून वीसएक किलोमीटरांवरच्या महूच्या छावणीत, लष्करात सुभेदारीपर्यंत चढलेल्या रामजी सकपाळांच्या पोटी १४ एप्रिल १८९१ रोजी चौदावे अपत्य जन्मले, आणि त्याच मुलाने पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. कोकणातल्या आंबडव्याहून निघालेले, मराठी बोलणारे, मोठ्या परिवाराचे, दारिद्र्याने आणि अस्पृश्यतेने गांजलेले ते कुटुंब होते; त्या कुटुंबाने सोसलेले सर्व काही संविधानाच्या पानापानांमागे उभे आहे. सणासुदीला पुण्या-मुंबईहून, देवास-उज्जैनहून घरी येणारे हजारो प्रवासी इंदूरच्या ज्या सरवटे बसस्थानकावर उतरतात, ते स्थानक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते विनायक सीताराम तथा तात्या सरवटे हे मध्य भारताच्या वतीने संविधान सभेचे सदस्य होते. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी स्वातंत्र्याच्या वर्षीच बाल निकेतन संघाचे काम आरंभून या शहरातल्या मुलांच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. चित्रकार नंदलाल बोस यांचे शिष्य आणि संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीवर राजमुद्रेचे सिंह रेखाटणारे दीनानाथ भार्गव मूळचे मुलताईचे. त्यांनी २०१६ मध्ये शेवटचा श्वास घेतला तो याच शहरात. सिंहांची ठेवण अचूक उतरावी म्हणून हा तरुण चित्रकार कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंहांचे निरीक्षण करीत असे. मसुदा करणारा, सभेत बसणारा आणि पानावर मुद्रा उमटवणारा, अशा तिघांचे ऋण ज्या परिसरावर आहे, तेथल्या घरांनी प्रजासत्ताक दिनी केवळ उशिरा उठावे हे शोभत नाही.

आमच्या स्वतःच्या घराण्याचा विस्तार मोठा आहे, आणि २६ जानेवारीला सर्वांनी इंदूरच्या घरी जमावे असा प्रघात गेल्या काही वर्षांत पडला आहे. त्याचे मूळ, प्रांजळपणे सांगायचे तर, देशभक्तीत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला सर्वांच्या सोयीचा दिवस म्हणून काकूंनी तो निवडला. मराठी वस्तीतल्या पुष्कळ घरांत असेच घडते. माळव्यातली थंडी अद्याप सरलेली नसते. सकाळी पोह्यांवर शेव आणि जीरावन पडते, शेजारी जलेबी असते. दुपारी गच्चीत उन्हाला बसून गराडू तळले जातात. आत्या आपल्या माहेरी एक दिवस पुन्हा मुलगी होते, चुलतभाऊ नोकरीच्या गावांची गाऱ्हाणी सांगतात, आणि एरवी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकमेकांना पाहणारी मुले एकमेकांच्या अंगावर पडून खेळतात. या संमेलनात सकाळी झेंडा लावावा, राष्ट्रगीत म्हणावे आणि उद्देशिका वाचावी, एवढीच सूचना प्रथम पुढे आली. ती तत्काळ मान्य झाली. वाचनानंतर मात्र जे प्रश्न उठले, त्यांनी मला या लेखास प्रवृत्त केले.

न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे शब्द मैदानावर उच्चारले की ते देशाविषयी आहेत असे वाटते. तेच शब्द ओसरीवर, आपल्याच माणसांच्या समोर उच्चारले की ते आपल्याविषयी होतात. समानतेचा उच्चार होत असताना घरातल्या निम्म्या स्त्रिया स्वयंपाकघरात होत्या. पुरुषांनी झेंड्याला वंदन करायचे आणि स्त्रियांनी त्यांच्यासाठी पोहे परतायचे, हा क्रम कोणी ठरवलेला नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक बलवान होता. दुपारी हळदीकुंकू, त्यात ज्यांच्या पतीचे निधन झाले आहे त्या आत्या आणि वहिनी आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसत, आणि त्यांच्या या समजूतदारपणाचे कौतुक होई. सकाळी ज्या घराने प्रतिष्ठेची समानता मोठ्याने वाचली, त्याच घराने दुपारी प्रतिष्ठेची ही विभागणी करावी, ही विसंगती प्रथम बोलून दाखवली ती एका सुनेने. उद्देशिका भिंतीवरच्या चौकटीत राहिली असती, तर ती विसंगती कोणाच्या ध्यानातही आली नसती.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात नेमका हाच धोका दाखवून दिला होता. येत्या २६ जानेवारीपासून राजकारणात आपल्याला समता लाभेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम राहील. हा अंतर्विरोध लवकर दूर केला नाही, तर ज्यांना विषमतेची झळ लागते ते लोकशाहीची ही इमारतच उद्ध्वस्त करतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. सामाजिक जीवन हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे गाव येते, बाजार येतो, देऊळ येते. प्रत्यक्षात विषमतेची पहिली शाळा घर हीच आहे. आधी कोणी जेवायचे, कोणाचा पेला वेगळा ठेवायचा, भांडी घासायला येणाऱ्या बाईने कोणत्या दारातून आत यायचे, कोणत्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे आणि कोणत्या मुलीला घराजवळच्या महाविद्यालयावर समाधान मानायला लावायचे, हे निर्णय संसदेत होत नाहीत.

कायद्याने तर एकत्र कुटुंबाच्या उंबरठ्याच्या आत केव्हाच पाऊल टाकले आहे. हिंदू संहिता विधेयकाची वाटचाल रखडली म्हणून उद्विग्न होऊन डॉ. आंबेडकर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पुढे १९५६ मध्ये वारसाहक्काचा कायदा झाला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद मानले, आणि २००५ च्या दुरुस्तीने तो हक्क साऱ्या देशातल्या हिंदू एकत्र कुटुंबांतील मुलींना जन्मतः मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही. इतके सर्व होऊनही जुन्या वाड्याची वाटणी निघाली की बहिणींना निरोप जातो, चहा-फराळ होतो, आणि हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात. जी बहीण सही करायला विलंब लावते, तिचे माहेर तुटते. ज्यांच्या घरात असे कागद झाले आहेत त्यांनी प्रजासत्ताक दिनी झेंड्याखाली उभे राहून स्वतःला एक प्रश्न विचारावा: बहिणीने तो हक्क स्वेच्छेने सोडला, की माहेर टिकावे म्हणून त्याची किंमत मोजली?

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, घर हे विसाव्याचे ठिकाण आहे; तेथेही राष्ट्राचा विधी आणला तर देशभक्ती ही आणखी एक सक्ती होईल, आणि कोण किती मोठ्याने घोषणा देतो यावरून नातेवाइकांची पारख सुरू होईल. ही भीती निराधार नाही. त्याच भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेविरुद्धही सावध केले होते. म्हणूनच मी सुचवतो त्या कुलाचाराच्या केंद्रस्थानी कोणतीही व्यक्ती, पक्ष वा घोषणा नाही. तेथे एक मजकूर आहे, जो सर्वांनी वाचावा आणि ज्यावर सर्वांनी बोलावे. ज्या घरात वाचनानंतर नातवाला आजोबांशी मतभेद व्यक्त करता येतो, त्या घराला सक्तीचे भय बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, मोठी कुटुंबेच आता उरली नाहीत. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या, मुले बेंगळुरूला आणि परदेशी गेली. एका चुलीवर वीस माणसांचा स्वयंपाक होण्याचे दिवस संपले. हे खरे आहे, आणि त्यात शोक करण्यासारखे सर्वच नाही. पुष्कळ सुनांना त्या विभक्तपणाने मोकळा श्वास दिला. परंतु चूल वेगळी झाली म्हणून नाते विभक्त होत नाही, आणि नेमक्या याच कारणाने एकत्र येण्यासाठी एका निश्चित दिवसाची निकड वाढली आहे. लग्नकार्याला आमंत्रणाची वाट पाहावी लागते, कुळधर्माच्या तिथी नोकरदारांना जुळत नाहीत. राष्ट्रीय सुट्टी मात्र देशातल्या प्रत्येकाला, इंदूरच्या काकांना आणि पुण्याच्या पुतणीला, एकाच दिवशी मिळते. शिवाय त्या दिवशी आंतरजातीय विवाह करून आलेला जावई असो वा परधर्मीय सून, कोणीही पाहुणा ठरत नाही. इतर सणांत त्यांना आपण आपल्यात सामावून घेतो. या सणावर त्यांचा हक्क आपल्याइतकाच मूळचा आहे.

मग या कुलाचाराचे स्वरूप काय असावे? माझ्या सूचना साध्या आहेत. सकाळी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ स्त्रीच्या हस्ते झेंडा लावावा, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात एकही माणूस असू नये. फराळाची व्यवस्था त्या दिवशी पुरुषांनी करावी. उद्देशिका घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने वाचावी, आणि तिचा अर्थ प्रत्येकाने आपल्या अनुभवातल्या एका प्रसंगाने सांगावा. हळदीकुंकू करायचे असेल तर ते घरातल्या आणि शेजारच्या यच्चयावत स्त्रियांना, सधवा-विधवा असा भेद न करता द्यावे, घरकामाला येणाऱ्या मावशींना त्याच सतरंजीवर बसवावे. आणि वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी संविधानाची उद्देशिका, किंवा स्त्रियांच्या हक्कांची माहिती देणारी छोटी पुस्तिका लुटावी. वाण हे घरोघर पोचते आणि जपून ठेवले जाते. लोकशिक्षणाचे इतके सुलभ साधन आपल्या हाती असताना ते आपण वापरलेले नाही.

याखेरीज दरवर्षी एका व्यक्तीची कथा मुलांना सांगावी. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर चालून जाणारा आणि अनेक वर्षांनी पकडला जाऊन १८७४ मध्ये फासावर गेलेला सादत खान; अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह, ज्यांना १८५८ च्या फेब्रुवारीत याच शहरात फाशी झाली; तात्या सरवटे; दीनानाथ भार्गव; यांच्या कथा मुलांच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतील, त्या घरानेच सांगितल्या पाहिजेत. ध्वनिक्षेपकावर दर राष्ट्रीय सणाला जे गाणे लागते, ते ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लिहिणारे कवी प्रदीप उज्जैनजवळच्या बडनगरचे, त्याला चाल देणारे सी. रामचंद्र पुणतांब्याचे, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत ते प्रथम गाणाऱ्या लता मंगेशकर याच इंदुरात जन्मलेल्या. माळवा आणि महाराष्ट्र यांच्या हातमिळवणीतून देशाच्या हुतात्म्यांना वाहिलेली ती आदरांजली आहे, हे मुलांना कळले की ते गाणे केवळ कर्ण्यातला आवाज उरणार नाही. आणि सायंकाळी झेंडे गोळा करण्याचे काम मुलांवर सोपवावे. सलग आठ वेळा देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरच्या रस्त्यावर २७ जानेवारीला एकही तिरंगा धुळीत पडलेला दिसता कामा नये. फाटलेल्या ध्वजाचा निरोप खाजगीत, सन्मानाने कसा घ्यावा हे ध्वजसंहितेने सांगितलेले आहे आणि ते पाळणे कठीण नाही.

या सर्वांत खर्चाचे काही नाही, परवानगीचे काही नाही, कोणत्या शासनाच्या आदेशाची वाट पाहण्यासारखेही काही नाही. राष्ट्राने आपल्याला मताचा हक्क दिला तो दर पाच वर्षांनी बजावायचा. परंतु समानतेने वागण्याची संधी घर आपल्याला रोज देते, आणि बहुतेक वेळा आपण ती दवडतो. वर्षातून एक दिवस सर्व कुटुंबाने एकत्र बसून त्याचा हिशेब करावा: गेल्या २६ जानेवारीपासून या घरात कोणाचा आवाज वाढला, कोणाचा दबला, कोणता भेद मिटला, कोणता अद्याप उरला. आमच्या घरी आता त्या आत्या आणि वहिनी हळदीकुंकवाला पुढच्या खोलीत बसतात. त्यासाठी घरातल्या ज्येष्ठांची मने वळवावी लागली, काही काळ अबोलाही झाला. पण जे एका घराला जमले ते शंभर घरांना जमेल याविषयी माझ्या मनात संदेह नाही. या शहरातल्या मराठी घरांनी मल्हाररावांची सनद दोनशे वर्षे सांभाळली. आपल्या आजोबांच्या पिढीने मिळवलेली ही दुसरी सनद सांभाळायची असेल, तर ती पेटीत ठेवून भागणार नाही. ती वाचली पाहिजे, घरातल्या प्रत्येकाला समान लागू केली पाहिजे, आणि त्याचा आरंभ येत्या २६ जानेवारीलाच केला पाहिजे.